रत्नमुकुटाच्या उवा

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. जुनी विहीर उपसताना त्याला एक रत्नमुकुट सापडला. मुकुट शापित होता. तो डोक्यावर चढला आणि राजाच्या डोक्यात उवा झाल्या. राजाच्या डोक्यातून त्या राणी हेमांगीच्या डोक्यात गेल्या, राणीच्या डोक्यातून राजकन्या पद्मरेखेच्या.

राजवैद्याने लेप दिले. उवा मरत, पण आठव्या दिवशी लिखा फुटून पुन्हा वळवळत. राजघराण्यात उवा, हे बोलायचे कसे? ती तिघे तीन महाली राहू लागली. आठ वर्षांच्या पद्मरेखेच्या केसांना सहा महिने आईचा हात लागला नाही. खाजवून खाजवून तिच्या मानेवर फोड आले. शेवटी राजाने आज्ञा केली, की पौर्णिमेस राजकन्येचे मुंडन करावे. पोरीने अन्न सोडले. ते ऐकून राणी एकटीच अरण्यात निघाली.

अरण्यात एक भारद्वाज पक्षी बोलत असे. त्याने तिला तीन कामे सांगितली. शिसवीच्या झाडाकडून फणी आणावी, नागाच्या वारुळावरचे सीताफळ आणावे, आणि एकाच दिवशी तिन्ही डोकी विंचरावीत. एक जरी राहिले तरी शाप राहील.

शिसवीने अट घातली, की तीन प्रहर डोके न खाजवता उभे राहावे. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, पण हात वर गेला नाही. झाडाने फांदी वाकवून बारीक दातांची फणी दिली.

वारुळाशी नागाने विचारले, "पदराखाली काय लपवतेस?"

राणीने पदर मागे सारला. "उवा," ती म्हणाली. "माझ्या, आणि माझ्या लेकीच्याही."

नाग बाजूला झाला.

राणी परतली. सीताफळाच्या बिया वाटून तिने तेलात कालवल्या. डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला फडके बांधून लेकीचे डोके माखले, धुतले, एकेक बट धरून विंचरले. मग दासीकडून आपले विंचरून घेतले. राजा मात्र दरबारात बसला होता आणि मुकुट उतरवीना. भर दरबारात त्याच्या उवा दिसल्या असत्या.

राणी फणी आणि तेलाची वाटी घेऊन दरबारात गेली.

"महाराज, खाली बसावे."

"राणी, लोक पाहत आहेत."

"पाहू देत. पोरीचे केस जायचे आहेत, ते आधी पाहावे."

राजाने दाराशी उभ्या लेकीकडे पाहिले. मग मुकुट स्वतःच्या हाताने काढून तो सिंहासनाच्या पायरीवर बसला. कोणी हसले नाही. कोतवालाने हळूच आपलेही डोके खाजवले.

शेवटची लीख फणीत आली, तसा मुकुट राख होऊन सांडला. शाप सरला.

आठवा दिवस उजाडला. राणीने उन्हात बसून लेकीचे आणि राजाचे डोके पाहिले, दासीने राणीचे. काही नव्हते. पद्मरेखा आईच्या मांडीवर आडवी झाली, आणि केसांतून हात फिरता फिरता भर सकाळी गाढ झोपी गेली.