शाळेची पसंती आणि महाराजांची खीर

राज्यातल्या झाडून सगळ्या आईबापांना शाळा पसंत आहे, असा प्रधानजींनी निर्वाळा दिला आणि भर दरबारात साळू कोष्टीण म्हणाली, “मला नाही.”

प्रधानजींची मत घेण्याची रीत मोठी चोख होती. पालकाला चावडीवर बोलवायचं. एका बाजूला छडी घेऊन पंतोजी, दुसऱ्या बाजूला भाला घेऊन शिपाई, आणि मधोमध बसलेले प्रधानजी मायेने विचारणार, “शाळा कशी आहे?” इतक्या प्रेमाने विचारल्यावर वाईट कोण बोलणार! साळूची लेक ठकी मात्र वर्षभरात पंतोजींच्या वांग्यांना पाणी घालायला तेवढी शिकली होती. पाटीशी अजून ओळख नव्हती. साळूचा जीव त्याने तीळ तीळ तुटायचा.

तुंगराज महाराज भडकले. त्यांची छाती एकदा फुगली की सहसा खाली बसत नसे. त्यांनी फर्मावलं, की दिवस मावळायच्या आत हा कौल खोटा ठरवून दाखव, पण शाळेबद्दल कुणाला अवाक्षर विचारायचं नाही. जमलं नाही तर तुझी पोर शाळेतून कायमची बाद.

साळूने मुदपाकखान्यातून पातेलंभर खीर मागितली आणि ती स्वतः ढवळून आणली. खीर महाराजांनी रांधली असं सांगायचं, आणि कशी झाली ते प्रधानजींनी आपल्याच रीतीने विचारायचं, एवढीच तिची विनंती होती. महाराजांना ही कल्पना फारच आवडली.

चावडीवर महाराजांसमोर त्याच आईबापांची रांग लागली. पहिल्याने घास घेतला, भाल्याकडे पाहिलं आणि कसाबसा म्हणाला, “अमृत.” दुसरीच्या तर डोळ्यांत पाणी आलं, आनंदाने असावं. पंतोजींनी बोटं चाटली. प्रधानजींनी वाटी रिकामी करून, अशी खीर जन्मात खाल्ली नाही, अशी ग्वाही दिली. ती मात्र खरी होती.

“बघ, इथेही सगळ्यांचं एकमत,” महाराज म्हणाले.

“मग आपणही एक घास घ्यावा जी.”

महाराजांनी घेतला आणि तिथल्या तिथे थुंकला. खिरीत नुसतं मीठ होतं!

“ज्या तोंडांनी शाळेला चांगलं म्हटलं, त्याच तोंडांनी हिला अमृत म्हटलंय, महाराज. आता शाळा कशी असेल, ते तुम्हीच ठरवा.”

महाराज आधी लाल झाले, मग पोट धरधरून हसले. पुढचा कौल साळूने घ्यावा, बंद खोलीत, एकेकट्याचा, नाव न विचारता, असा हुकूम सुटला. ठकीच्या हाती नवी पाटी आली, झारी पंतोजींच्या हाती गेली. आणि उरलेली खीर पातेल्यासकट प्रधानजींच्या घरी पोहोचती झाली. त्यांना फार आवडली होती ना!