गावची पोरं आणि समुद्रापलीकडचा क्लब

मंडळी, विश्वास कशावर ठेवावा, माणूस बोलतो त्यावर की तो टाळ्या कुणासाठी वाजवतो त्यावर?

आयर्लंडमधल्या एका गावात फुटबॉलचं मैदान होतं, पण गावच्या क्लबच्या सामन्याला माणसं मूठभर. बाकीचं गाव इंग्लंडच्या क्लबांचे शर्ट घालून टीव्हीपुढे. शेवटी नगराध्यक्ष गेराटींनी मैदान मोडून वाहनतळ करायचं ठरवलं. नवऱ्यामागे त्या मैदानाची निगा एकटीने राखणाऱ्या नोरीनबाई भर सभेत उभ्या राहिल्या. "पोरांचं मैदान मोडू नका," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमची पोरं खेळतात कुठे, नुसती धडपडतात!" गेराटी हसले. "खरा खेळ बघायला मी समुद्र ओलांडून जातो."

"पटलं, साहेब. पण परवा शाळेत तुमची लेक नाचली, दोनदा पाय चुकला. टीव्हीवर तिच्याहून सरस नाचणाऱ्या होत्या. मग तुम्ही घरीच का नाही बसलात?"

"अहो, ती माझी लेक आहे!"

"आणि ही धडपडणारी पोरं कुणाची, साहेब?"

गेराटींनी वाहनतळाचा बेत मागे घेतला. मैदान वाचलं. त्या शनिवारी गेराटी भर पावसात येऊन उभे राहिले. गावचा क्लब चार गोलांनी हरला. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत; पुन्हा समुद्र ओलांडून गेले.

तेव्हा, आपल्यांना किती दिलं आणि परक्यांना किती, हा हिशेब तुम्ही तरी प्रामाणिकपणे ठेवा.