हेमांगीच्या चुका

तालुक्याच्या शाळेतली सुतारकामाची कार्यशाळा बंद करायचं संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांनी ठरवलं. ती वाचावी म्हणून दहावीतली हेमांगी वक्तृत्व स्पर्धेत तिच्याबद्दलच बोलायला उभी राहिली. पण शब्द अडखळले. दादासाहेबांनी तिला मध्येच थांबवलं.

"अगं पोरी, किती या चुका! कार्यशाळेत हेच शिकवतात का?"

हेमांगी खाली बघत म्हणाली, "हो साहेब. आम्ही सुतारकामात बारीक खिळ्यांना चुकाच म्हणतो. तुमची ही खुर्ची आमच्या वर्गानेच केलीय. ती आमच्या चुकांमुळेच टिकलीय."

दादासाहेबांना दर वेळी निवडून देणारे सभासद समोरच बसले होते. ते आधी हसले, मग एकमेकांकडे बघू लागले.

कार्यशाळेला कुलूप लागायचं ते लागलंच. दादासाहेब मात्र बक्षिसं वाटून होईपर्यंत उभेच राहिले.