जुवाची दुसरी बाजू

एका गावात सखाहरी नावाचा शेतकरी राहत असे. घरचं बरं होतं आणि बैलांवर त्याची भारी माया. चितऱ्या बैल म्हातारा झाला, तरी त्याला त्याने बाजार दाखवला नव्हता. घराच्या भिंतीवर त्याने गेरूने मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं होतं, 'आईवडील हेच दैवत'. त्यातलं उरलेलं दैवत, म्हणजे त्याचे म्हातारे वडील दगडूआबा, गोठ्यातल्या बाजेवर होते. खोकला फार, असं कारण.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सखाहरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या पाटील जेवायला येणार होते. आबांचा हात कापे, घास सांडे. चारचौघांत शोभा नको, म्हणून 'उद्या पंगतीला येऊ नका' एवढंच त्यांना सांगायचं होतं. सकाळपासून तो तीनदा गोठ्यात गेला आणि तीनदा नुसती वैरण टाकून परत आला.

तिन्हीसांजेला खांदेमळणीची वेळ झाली. जू ओढून दमलेले बैलांचे खांदे त्या दिवशी लोण्या-हळदीने मळतात. चितऱ्या आता कामाला नव्हता, पण मान त्याचा पहिला. मळता मळता बोलून टाकू, असं सखाहरीने ठरवलं. हात चालत होते. शब्द ओठांशी येऊन मागे फिरत होते. अखेर रिवाजाप्रमाणे तो बैलाच्या कानात म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." स्वतःचाच आवाज त्याला टोचला.

बाजेवरून आबा म्हणाले, "त्याचा डावा खांदा जरा जास्त मळ, बाळा. लई सोसलंय त्यानं."

"कधी?"

"तू मामाकडं शिकायला व्हतास, तवा त्याचा जोडीदार मेला. दुसरा बैल घेतला असता तर तुझी शाळा सुटली असती. मग त्या साली जुवाला दुसऱ्या बाजूनं मी लागलो. माझ्यानं वढवत नव्हतं. जादा वढ त्यानंच सोसली."

सखाहरीचे हात थांबले. लोण्या-हळदीची वाटी घेऊन तो बाजेपाशी गेला आणि आबांची बंडी खांद्यावरून सरकवली. तिथे जुवाचा जुना वण होता. इतक्या वर्षांत तो त्याने पाहिलाच नव्हता. त्याला रडू फुटलं. वणावर लोणी चोळत तो कसाबसा म्हणाला, "आबा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"येतो की. पण पाटलाम्होरं हात कापंल माझा."

"मी भरवीन," सखाहरी म्हणाला.

तात्पर्य: आईवडिलांचा मान राखा, ही धर्माची आज्ञा भिंतीवर लिहून पाळली जात नाही, ज्यांनी आपल्यासाठी जू ओढलं, त्यांना चारचौघांत आपल्या शेजारी बसवावं लागतं.