एकोणतीसचा पाढा

मस्कतच्या शाळेत गणित शिकवायला निघालेल्या केळुसकर बाई व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीला गेल्या. तिथले डॉक्टर दाभोळे येईल त्याच्यावर खेकसायचे. बाईंवरही खेकसले आणि रक्तदाब मोजून म्हणाले, “वाढलाय! अनफिट. व्हिसा विसरा.”

“डॉक्टर, आता हा पट्टा तुमच्या दंडाला बांधा.”

“कशाला?”

“बांधा तर खरं!”

डॉक्टरांनी घुश्शातच बांधला. बाईंनी वर्गातला आवाज काढला, “एकोणतीसचा पाढा म्हणा! मोठ्यानं!”

डॉक्टर तिसऱ्या ओळीवरच अडकले. यंत्रातला आकडा बाईंच्याही वर गेला.

“बघा, तुम्हीही अनफिट! आता तुम्ही खेकसू नका, मी पाढा विचारत नाही. थोडं बसू, मग पुन्हा मोजू.”

बाईंचा रक्तदाब अगदी ठीक निघाला. डॉक्टरांचा मात्र, बाई दाराबाहेर पडल्यावरच उतरला.