चुण्या कुठल्या बाजूला?

स्कॉटलंडच्या किल्ल्यात बहिणीचं लग्न, म्हणून सदानंद काणेकरांनी हौसेने किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा चुणीदार घागरा, नेसला. पण धोतराच्या निऱ्यांसारख्या चुण्या पुढे घेऊन! धुक्याने अंधारलेल्या दालनात कोणीतरी खेकसलं, "चुण्या टाचांच्या बाजूला हव्यात! चुकीचा किल्ट नेसणारा इथून सुटत नाही."

भिंतीवरच्या चित्रातले, केव्हाच वारलेले किल्ल्याचे जहागीरदार किल्ट नेसून प्रत्यक्ष समोर उभे होते. दार आपोआप लागलं. काणेकरांची नजर भीतीने खाली गेली. जहागीरदारांचे पाय उलटे होते.

"साहेब, तुमच्या टाचा पुढे आणि चुण्या मागे," काणेकर कसेबसे म्हणाले. "म्हणूनच तुम्ही अजून सुटला नाहीत?"

जहागीरदारांनी खाली पाहिलं. मग सावकाश किल्ट फिरवला.

दार उघडलं. दालनात काणेकर एकटेच उरले होते. त्यांनी घाईघाईने आपल्याही चुण्या मागे घेतल्या.