न पळणारी कोंबडी

फार फार जुन्या काळी, राजे न कळवता जेवायला येत असत तेव्हाची ही गोष्ट. डोंगराआड एक गाव होतं. पाहुणा आला की कोंबडी कापायची, ही तिथली रीत. कापायची तरी कुठली? जी हाताला लागेल ती. उगाच पळापळ कोण करणार? त्यामुळे जाड, संथ, गरीब कोंबड्या रश्शात जायच्या. चपळ आणि खडूस तेवढ्या मागे राहून अंडी उबवायच्या. पिल्लं आयांवरच जायची. आज्या-पणज्यांपासून हे असंच चाललं होतं.

एके दिवशी राजा आला. तुमच्या रश्शाचं कौतुक ऐकलंय, म्हणाला. मन भरलं तर ओढ्यावर पूल बांधून देतो. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांची लेक ओढ्यापलीकडे दिलेली. पावसाळाभर तिचं तोंड दिसायचं नाही.

सगळं गाव कोंबड्यांमागे धावलं. पण कोंबड्या कसल्या, वारं प्यायलेल्या! एक कौलांवर, एक चिंचेवर. पाटलांनी खुराड्यात डोकं घातलं ते अडकलंच. राजा हसून हसून बेजार झाला.

तेवढ्यात एक लठ्ठ कोंबडी डुलत आली आणि राजाच्या पायाशी बसली. कुठल्या खापरपणजीवर गेली होती, देव जाणे. पाटलीणबाईंनी तिला झटकन काखोटीला मारलं. दुसऱ्या हातात सुरी होती. आता पूल मिळाल्यातच जमा होता, आणि लेकही.

पण त्यांनी सुरी खाली ठेवली.

"महाराज, सापडेल ती कापायची, हाच आमचा मूर्खपणा. असली ही एकच उरलीय. हिला नाही कापणार. पिठलं टाकते."

राजाने पिठलं दोनदा मागून घेतलं. मग म्हणाला, "हिच्या वंशातली ताटात वाढाल, त्या दिवशी पूल."

गावाने रीत उलटी केली. पळणाऱ्या कापायच्या, संथ राखायच्या. वर्षं गेली. कोंबड्या गुबगुबीत झाल्या आणि पळणाऱ्यांमागे धावून माणसांच्या मात्र काटक्या झाल्या! संथ कोंबड्या अंगणात मावेनात, तेव्हा कुठे राजाला जेवायला बोलावलं. पूल झाला.

पाटलीणबाई भर पावसात लेकीकडे निघाल्या, तर पुलावर एक लठ्ठ कोंबडी आडवी बसलेली. काही केल्या हलेना. बाई निमूटपणे तिला वळसा घालून गेल्या.

तेव्हा पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो, तात्पर्य एवढंच: आपण जे मागे राखतो तेच पुढे वाढतं, म्हणून ताटात काय घ्यायचं याआधी अंगणात काय ठेवायचं ते ठरवावं.